शेवटच्या फडाची ओरड

पाटकरी आहे मी. पांझरेच्या बंधाऱ्याखाली
चार पिढ्या आम्ही पाणी सोडतो, पाणी बांधतो.
अंधारात चारीच्या काठाने चालताना
कुठे दगड आडवा आलाय, कुठे खेकड्याने बीळ केलंय,
हे मी कानांनी ओळखतो.

म्हणून देवपूरच्या दवाखान्यात
डॉक्टर झोप्यांनी शेवंताच्या पोटाला, उजवीकडे, जांघेच्या वर
नळी टेकवली आणि कपाळाला आठी घातली
तेव्हा मी म्हणालो, मला ऐकू द्या.
ते हसले नाहीत. नळी माझ्या कानांत दिली.

सूऽऽ. सूऽऽ. प्रत्येक ठोक्याला.

रुंद पाट असा आवाज करत नाही.
अशी बोलते ती फट.

त्या वर्षी आखाजीला ती माहेरी आली नव्हती.
माहेरच तिच्याकडे गेलं, मुठीएवढं,
नाशकात, माझ्या डाव्या कुशीतून.
कानबाई उठेपर्यंत सगळं सुरळीत.
मग पाय सुजले, अंगणवाडीत जायची चप्पल चढेना.
बीपी एकशे नव्वद. तीन गोळ्या, मग चार.
पाचवी सुरू केली तर क्रिएटिनिनच उसळलं,
आणि तिथेच डॉक्टरांना शंका आली.

औषधाच्या चिठ्ठीमागे त्यांनी काढून दाखवलं:
माझी रक्तवाहिनी तिच्या रक्तवाहिनीला जिथे शिवली
त्या टाक्यापाशी ती आवळलीय.
किडनीला रक्त कमी पोचतं,
तिला वाटतं, अख्खं शरीरच कोरडं पडलं.
म्हणून ती हुकूम सोडते: दाब वाढवा, मीठ धरा, पाणी धरा.

हे मला समजावायची गरज नव्हती.
शेवटच्या फडातला हिलालबापू
रात्री दोनला दार ठोकतो, नदी आटली का रे?
नदी भरलेली असते.
वर कुठल्यातरी मोरीत पाचट अडकलेलं असतं.
म्हातारा खोटं बोलत नाही.
त्याच्या बांधावरून दिसतं तेवढंच ओरडतो.

मी म्हणालो, डॉक्टर, माझी किडनी एवढी हट्टी नव्हती हो.
खाटेवरून शेवंता:
"तुन्ही नही. आते मन्ही शे."

रंग जपून, म्हणाले, रंगानेही किडनी बिथरते.
आधी गॅस सोडून वाट बघितली.
मी काचेच्या अलीकडे. पडद्यावर केसाएवढी तार
जांघेतून चढत होती, थांबत होती, वळत होती,
नव्या पाटकऱ्यासारखी, दर वळणाला विचारत.
अरुंद जागी फुगा फुगला.
श्वास धरला होता का, आठवत नाही.
माझ्या कुशीतली जुनी शिवण खाजली, एवढं आठवतं.
मग ती जाळीची नळी. ज्वारीच्या कांडीपेक्षा बारीक.
तिथेच ठेवली. कायमची.

संध्याकाळी सिस्टर पिशवीवरचा आकडा लिहीत होती
आणि मी पिशवीकडे बघत होतो,
पाळीचं पहिलं पाणी बघावं तसा.
रात्री बीपी एकशे अडतीस.
चौथ्या दिवशी क्रिएटिनिन दीडवर आलं. पूर्वी एक पॉइंट एक होतं.
मधलं उरलेलं? विचारलं.
बघू, म्हणाले.
पुन्हा आवळेल?
आवळू शकतं. तीन महिन्यांनी सोनोग्राफी.
गाळ तरी आम्ही कुठे एकदाच काढतो.

घरी आल्यावर कळण्याच्या भाकरीबरोबर
तिने चिमूटभर मीठ मागितलं. मी नाही म्हणालो.
भिंतीकडे तोंड करून झोपली,
दहा वर्षांची असताना झोपायची तशी.

पाळीला निघताना दारात थांबलो.
कान लावून बघावंसं वाटलं.
बहिणीच्या पोटाला कान कसा लावणार.
बॅटरी घेऊन चारीवर गेलो.
पाणी काही न बोलता चाललं होतं.